संकेतस्थळ कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील उद्योग-व्यवसाय सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकाने संगणकाच्या विषयावर बोलावे, याचे आपणापैकी काहींना नवल वाटेल. परंतु या देशातील जी.पी. हा बहुधा सरकारी नोकर नसतो, ही गोष्ट भारतातील आपल्या नातलगांना कितीही वेळा सांगितली तरी पटत नाही. १९४८ साली एन.एच.एस. स्थापन झाली तेव्हापासून दवाखाना चालविणारे भागीदार डॉक्टर हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कंत्राटदारच राहिले आहेत. स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांचे पगार, हिशेब, विमा आणि अलीकडे दवाखान्याचे संकेतस्थळ हे सारे आम्हालाच पाहावे लागते. त्यामुळे घरून डबे पुरविणारी भगिनी, ड्रायव्हिंग शिकविणारा बंधू किंवा शिवणकाम करणारी आई यांच्या अडचणी आम्हाला परक्या वाटत नाहीत. आपल्या पहिल्या पिढीने या देशात येऊन नोकऱ्या केल्या. आता त्याच घरांतून लहान-लहान व्यवसाय उभे राहत आहेत, आणि व्यवसाय काढला की पहिल्याच महिन्यात कोणी तरी विचारतो, 'तुमची वेबसाइट काय?' ती करून देणारा माणूस कसा निवडावा आणि त्याच्याशी व्यवहार कसा ठरवावा, एवढ्यापुरतेच आजचे बोलणे आहे.

प्रथम संकेतस्थळ हवेच का, हे पाहावे. ज्या ड्रायव्हिंग शिक्षकाकडे शिकाऊ मंडळी तीन-तीन महिने रांगेत आहेत, त्याला संकेतस्थळाची निकड नाही. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. तेवढ्यावर वर्षभर भागते का, ते पाहण्यास हरकत नाही. रोग नसताना औषध लिहून देणारा डॉक्टर आणि गरज नसताना बारा पानांचे संकेतस्थळ विकणारा डिझायनर, दोघांपासूनही सावध राहिलेले बरे.

परंतु गरज आहे असे ठरले, तर सर्वांत आधी नावाचा प्रश्न येतो. आमच्या ओळखीच्या एका भगिनीने घरगुती डब्यांचा व्यवसाय सुरू केला. एका डिझायनरने अल्प मोबदल्यात संकेतस्थळ करून दिले, ते दिसावयासही सुरेख होते. डब्यांच्या झाकणांवर, कागदी पिशव्यांवर, पत्रकांवर तेच नाव छापले गेले. चार वर्षांनी एके सकाळी संकेतस्थळ बंद, आणि त्याच नावावर चालणारा ई-मेलही बंद. चौकशी केली तेव्हा कळले की डोमेन नाव डिझायनरने स्वतःच्या नावावर घेतले होते, तो व्यवसाय सोडून गेला होता, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच पत्त्यावर जात होत्या. या भगिनीने चार वर्षे पैसे वेळेवर भरले होते. तरीही तिच्या हाती काहीच नव्हते.

गावाकडे जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे सर्वांत आधी पाहतो. पीक कोण काढतो, विहीर कोणी खणली, हे प्रश्न नंतरचे. डोमेन नावाचेही तसेच आहे. ज्या नावांच्या शेवटी 'यूके' असते त्यांची नोंदवही ऑक्सफर्ड येथील नॉमिनेट ही संस्था १९९६ पासून सांभाळते. तिच्या दप्तरात ज्याचे नाव नोंदले असेल तो धारक. पैसे कोणी दिले, हे ती विचारीत नाही. नाव देताना जो आधी येईल त्याला, हाच नियम आहे. आपल्यापैकी ज्यांनी तरुणपणी शॉर्टहँडचे वर्ग केले, त्यांना पिटमन हे नाव ठाऊक असेल. त्या नावाच्या दोन स्वतंत्र कंपन्या, एक प्रकाशन करणारी व दुसरी प्रशिक्षण देणारी, 'पिटमन' या डोमेनसाठी १९९७ साली लंडनच्या उच्च न्यायालयात भांडल्या. दोघींनाही ते नाव वापरण्याचा सारखाच अधिकार होता. पण प्रकाशन कंपनीने नोंद आधी केलेली होती, आणि प्रशिक्षण कंपनी हरली.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की डोमेन नावाची नोंद डिझायनरकडे सोपवू नये. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे स्वतः खाते उघडावे, धारक म्हणून आपले नाव घालावे, आपल्या कार्डावरून पैसे भरावेत आणि डिझायनरला कामापुरता प्रवेश द्यावा. नूतनीकरणाची सूचना ज्या ई-मेलवर यावयाची तो ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा. घराची एकमेव किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेण्यासारखे ते होईल. मुदत संपल्यावर नाव लगेच जात नाही. आधी ते निलंबित होते व सुमारे तीन महिन्यांनी रद्द होऊन कोणालाही घेता येते, तेव्हा वेळीच लक्ष गेले तर वाचविता येते. आणि नाव आधीच दुसऱ्याच्या हाती असेल व तो देत नसेल, तर नॉमिनेटकडे वाद सोडविण्याची व्यवस्था आहे. तिच्यातील मध्यस्थीसाठी शुल्क पडत नाही. वर सांगितलेल्या भगिनीला ही गोष्ट कळेपर्यंत नाव तिसऱ्याच कोणी घेतले होते.

आता पुढची गोष्ट, जी ऐकून या सभागृहातील सुशिक्षित माणसेही चकित होतात. आपण पैसे देऊन एखाद्याकडून आराखडा, चित्रे, मजकूर करून घेतला की तो आपला झाला, अशी आपली सर्वांची समजूत असते. या देशाचा १९८८ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. निर्मिती करणारा हाच पहिला मालक. तो आपला पगारी नोकर असेल व ते काम नोकरीचा भाग असेल, तरच मालकी मालकाकडे येते. डिझायनर स्वतंत्रपणे काम करणारा असेल तर कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, आणि तो आपल्याकडे यावयाचा तर त्याच्या स्वाक्षरीचा लेख लागतो. तोंडी आश्वासनाने कायदेशीर मालकी बदलत नाही.

याचे मोठे उदाहरण क्लासिक एफएम या नभोवाणी केंद्राचे. १९९२ साली हे केंद्र सुरू झाले त्याआधीपासून रॉबिन रे या संगीताच्या जाणकार निवेदकाला सल्लागार म्हणून घेतलेले होते. त्याने हजारो ध्वनिमुद्रणांची सूची करून प्रत्येकाची लोकप्रियता ठरवून दिली. केंद्र यशस्वी झाले आणि ती सूची परदेशी केंद्रांना देण्याचा बेत झाला, तेव्हा रेने हरकत घेतली. १९९८ साली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की रे नोकर नव्हता, सबब सूचीचा कॉपीराइट त्याचाच. केंद्राला ती या देशातील प्रसारणासाठी वापरण्याची परवानगी आहे, त्यापुढे नाही. एवढ्या मोठ्या कंपनीला जे लेखी करून घेण्याचे सुचले नाही, ते आपल्या शिवणकामवाल्या भगिनीला कोण सांगणार?

दुसरा खटला डॉक्टर मार्टेन्स बुटांचा. नाव आमच्याच पेशाचे असल्यामुळे तो आमच्या विशेष लक्षात राहिला. १९८८ साली नॉर्दॅम्प्टनशायरच्या ग्रिग्ज कंपनीने आपली दोन बोधचिन्हे एकत्र करून घेण्याचे काम जाहिरात संस्थेला दिले. संस्थेने ते बाहेरच्या एका चित्रकाराकडून ताशी १५ पौंडांनी करून घेतले. कागद कोणीच केला नाही. पुढे त्या चित्रकाराने आपला कॉपीराइट ऑस्ट्रेलियातील प्रतिस्पर्धी कंपनीला लिहून दिला. जानेवारी २००५ मध्ये अपील न्यायालयाने ग्रिग्जच्या बाजूने निकाल दिला. बोधचिन्ह कोणासाठी केले हे उघड असताना हक्क दुसऱ्याला विकता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे न्याय मिळाला. पण वकिलांची फौज उभी करणे त्या कंपनीला परवडले. ज्याची वर्षाची कमाई वीस हजार पौंड आहे, त्याने चार ओळींचा कागद आधीच करून घ्यावा.

कागदाचे नाव काढले की आपल्याकडे माणसे बिचकतात. 'विश्वास नाही का?' असे विचारले जाते. वास्तविक लेखी करार हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांनी वतनाच्या नावाखाली गावकीची कामे केली, त्यांत काम कोणते, किती वेळ आणि कशाच्या बदल्यात, याला धरबंध नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते या मोकाट व्यवहाराला आळा घालण्यासाठीच. ज्यांच्या घरात हा इतिहास आहे, त्यांनी तरी कामाच्या अटी लिहून घेण्यात व लिहून देण्यात संकोच मानू नये.

आणखी एक कारण आहे. दुकानातून इस्त्री घेतली तर आपण ग्राहक असतो आणि ग्राहकाला या देशात भरपूर संरक्षण आहे. ऑनलाइन मागविलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क २०१३ च्या नियमांनी दिला आहे. परंतु व्यवसायासाठी डिझायनर नेमताना आपण कायद्याच्या लेखी ग्राहक राहत नाही, व्यापारी होतो. मग ते १४ दिवसही नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ चा सेवा पुरविण्याचा कायदा आपल्या मदतीला आहे. काम वाजवी काळजीने व कौशल्याने केले पाहिजे, एवढे तो म्हणतो. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा लहान दाव्यांच्या न्यायालयात वकिलाशिवाय चालविता येतो. परंतु तेथेही न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील तो हाच की ठरले काय होते.

पैशांबाबत थोडेच सांगतो. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये आणि सर्व रक्कम शेवटी देण्याचा हट्टही धरू नये. तिसरा हिस्सा आरंभी, तिसरा आराखडा पसंत झाल्यावर, उरलेला किल्ल्या हाती आल्यावर, ही वहिवाट न्याय्य आहे. सांगितलेली किंमत व्हॅटसह की व्हॅटशिवाय, हे विचारावे. एप्रिल २०२४ पासून ज्याची वार्षिक उलाढाल ९०,००० पौंडांपेक्षा कमी त्याला व्हॅटची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसल्यामुळे डिझायनरने लावलेला व्हॅट परतही मिळत नाही, म्हणजे हजाराचे काम आपल्याला बाराशेला पडते. आणि दरमहा थोडे पैसे घेऊन संकेतस्थळ 'मोफत' देणाऱ्यांना एकच प्रश्न करावा, की हप्ते थांबविले तर संकेतस्थळ आम्हाला दुसरीकडे नेता येईल काय?

आता घरच्या मुलाविषयी. येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण आपल्या मंडळींत बहुतेक संकेतस्थळे अशीच होतात. पुण्याहून किंवा नागपूरहून भाचा एम.एस्सी. करावयास येथे आलेला असतो, त्याला संगणक येतो, आणि मामी म्हणते, 'अरे, तूच करून दे की, बाहेर कशाला पैसे घालवायचे?' मुलगा नाही म्हणू शकत नाही. तो आपल्या घरी जेवलेला असतो. परीक्षेच्या आठवड्यातही 'जरा तो फोटो बदल' असे निरोप त्याला जात राहतात.

बंधू-भगिनींनो, या मायेत त्या मुलाचे भवितव्य धोक्यात येऊ शकते. स्टुडंट व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला स्वतंत्र व्यवसाय करण्यास मनाई आहे. तो कोणाकडे नोकर म्हणून, ठरलेल्या तासांच्या मर्यादेत काम करू शकतो. पण मामीच्या व्यवसायाचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे करून बिल देणे हे त्यात बसत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणजे सुटलो, असेही नाही. या देशाच्या व्हिसा-नियमांत बिनपगारी नोकरीही नोकरीच धरली जाते. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी गावाकडे कर्ज काढले आहे, त्याचा व्हिसा आपल्या डब्यांच्या यादीपायी अडचणीत यावा, असे कोणत्या मामीला वाटेल? शिक्षण पूर्ण होऊन ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की तोच मुलगा स्वतंत्र व्यवसाय उघडपणे करू शकतो. तेव्हा त्याला अवश्य काम द्यावे, परक्याला दिला असता तेवढाच मोबदला द्यावा, आणि परक्याशी केला असता तसाच कागद करावा. त्याचे ते पहिले गिऱ्हाईक असेल; व्यवहार कसा करावा हे तो आपल्याकडूनच शिकणार आहे.

येथेच वाढलेल्या आपल्या मुलामुलींना ही व्हिसाची अडचण नाही, पण फुकट राबविण्याची आपली सवय तेथेही आहेच. मुलगी डॉक्टर झाली तर तिच्याकडून जेवणाच्या टेबलावर सल्ला घेतो, तसेच हे. (आम्हालाही लग्नसमारंभात रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारले जातेच; ते आता अंगवळणी पडले आहे.)

डिझायनर कितीही कुशल असो, आपल्या व्यवसायाची माहिती त्याला असणार नाही. डब्यांचेच पाहा. घरून अन्न विकणाऱ्याने सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंद करावी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. परंतु दूरध्वनीवरून किंवा संकेतस्थळावरून अन्न विकताना, कायद्याने ठरविलेल्या १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाची खरेदी पूर्ण होण्यापूर्वी व पुन्हा डबा पोचताना मिळाली पाहिजे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या १४ मध्ये मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, दूध आहे, गहू आहे, काजू आहेत. म्हणजे आपली फोडणी, आपली चटणी आणि आपले वाटण, सारेच आले. शिवाय बाजारातील हिंगपुडीत पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा ज्याला गहू चालत नाही त्याला आपली निव्वळ डाळही चालणार नाही. हे कोणत्या डिझायनरला सुचेल? शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याचा घसा काही मिनिटांत सुजतो आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा पदार्थांच्या यादीशेजारी ही माहिती येईल अशी जागा आराखड्यातच मागून घ्यावी; नंतर कोपऱ्यात चिकटविलेली ओळ कोणी वाचत नाही.

छायाचित्रेही आपलीच असावीत. गूगलवरून उचललेले पुरणपोळीचे चित्र दिसावयास छान असते, पण त्याच्या मालकाने भरपाई मागितली तर ती मागणी दुकानाच्या मालकाकडे येते. डिझायनरने लावले होते, हे सांगून सुटका होत नाही. गिऱ्हाइकांची नावे-पत्ते गोळा करणाऱ्याने माहिती आयुक्तांच्या कार्यालयाचे वार्षिक शुल्क आपल्याला लागू होते का, हेही तपासावे. फेब्रुवारी २०२५ पासून लहान व्यवसायाला ते ५२ पौंड आहे. काहींना सूट आहे.

वैद्यक म्हणून एक मुद्दा आम्हाला सोडवत नाही. पांढऱ्या भूमीवर फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरे घालण्याची डिझायनर मंडळींना हौस असते. ती पंचविशीतल्या डोळ्यांना दिसतात. मोतीबिंदू झालेल्या सत्तरीच्या आजींना दिसत नाहीत. पुरुषांपैकी सुमारे १२ त एकाला काही रंगांतील, विशेषतः तांबड्या-हिरव्यातील, फरक नीट कळत नाही. त्याला 'हिरवे बटण दाबा' सांगून काय उपयोग? अक्षर आणि भूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान साडेचारास एक असावी, असे जगन्मान्य प्रमाण आहे, आणि ते मोजण्याची साधने फुकट मिळतात. २०१० च्या समता कायद्यानुसार सेवा देणाऱ्या प्रत्येकाने अपंग व्यक्तींसाठी वाजवी सोय केली पाहिजे. लहान दुकानदार त्यातून सुटलेला नाही. काम पसंत करण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती फोन द्यावा आणि त्यांना एक डबा मागवावयास सांगावे. शेजारी उभे राहून बोट दाखवू नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठविली आहे. आम्ही एका पानाचे पत्र तयार केले आहे, ते डिझायनरकडून कामाच्या आरंभीच स्वाक्षरी करून घ्यावयाचे. त्यात असे म्हटले आहे, की ठरलेला मोबदला पूर्ण मिळताच या संकेतस्थळासाठी केलेला मजकूर, चित्रे व आराखडा यांचा कॉपीराइट व्यवसायाच्या मालकाकडे जाईल. डोमेन नाव आरंभापासून मालकाच्या नावे राहील. सर्व पासवर्ड व संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत काम संपल्यापासून सात दिवसांत सुपूर्द होईल. डिझायनर सर्वत्र वापरीत असलेली त्याची स्वतःची साधने मात्र त्याचीच राहतील आणि हे काम आपला नमुना म्हणून इतरांना दाखविण्याची त्याला मुभा असेल. एवढे त्याला दिलेच पाहिजे. मोठ्या रकमेचे काम असेल तर पत्र एकदा सॉलिसिटरला दाखवावे. पत्राच्या इंग्रजी प्रती चहाच्या टेबलाजवळ ठेवल्या आहेत. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे.

जयभीम.